नालुंग

कॉमर्सच्या विद्यार्थिनीने परग्रहाच्या भूगोलावर लेख लिहायला घेतला आहे, हे कळल्यावर आमच्या वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. "तिथे जीएसटी किती टक्के गं?" असे एकीने विचारलेही. पण तो ग्रह मी केलेला नाही. बालाघाटला राहणाऱ्या माझ्या अकरा वर्षांच्या मामेभावाने तो केला आहे. मी फक्त त्यातल्या चुका काढल्या. चुका कुणाच्या निघाल्या, त्याची ही हकिगत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीला मामाकडे पोचवायचे काम माझ्याकडे आले. निपाणीहून कोल्हापूर, आणि कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस. या गाडीइतका महाराष्ट्र कुणी पाहिला नसेल. एका टोकाला चढायचे आणि दुसऱ्या टोकाला, गोंदियाला, उतरायचे. उसाचे मळे मागे पडतात, मग ज्वारी, मग कापसाची काळी राने, आणि शेवटी धानाच्या बांध्या. चोवीस तासांहून अधिक वेळ आजीने माझ्याकडून तीनदा डबा उघडवला आणि चारदा "आलं का गं?" विचारले. गोंदियाहून पुढे बाघ नदीचा पूल लागतो. तो ओलांडला की मध्य प्रदेश. मग वैनगंगेच्या काठचे बालाघाट.

मामा तिथे भरवेलीच्या मँगनीज खाणीत मोजणीच्या कामावर आहे. जमिनीखाली साडेतीनशे मीटरांहून खोल गेलेली ही खाण. मामा सकाळी डबा घेऊन निघतो तेव्हा शेजारच्या ऑफिसला निघाल्यासारखाच दिसतो. संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याच्या बुटांवर काळपट धूळ असते, आणि मामी ते बूट बाहेरच काढायला लावते.

छोटूची आणि माझी भेट पाच वर्षांनी होत होती. घरात तो मराठी बोलतो, पण त्या मराठीत हिंदीचे धागे. माझ्या मराठीला निपाणीचा, म्हणजे कानडीचा हेल. मी "होय की" म्हटले की तो हसायचा, आणि तो "मी नाश्ता करून घेतला ना" म्हणाला की मी. दोन दिवसांत आम्ही एकमेकांच्या नकला करण्याइतके जवळ आलो.

तिसऱ्या दिवशी मामीने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतले. "तू कॉलेजात शिकतेस. जरा त्याला समजाव. सहामाहीला सामाजिक विज्ञानात काठावर पास झालाय, आणि दिवसभर त्या वहीत ग्रह काढत बसतो. तेवढं खूळ त्याच्या डोक्यातून काढ."

वही मी आधी पाहिली होती. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. वर लिहिलेले 'ग्रह नंबर ४', आणि आत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'नालुंग'. पुढे नकाशे. डोंगर तपकिरी, वाळवंट पिवळे, समुद्र चक्क काळा. आणि शेजारी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत माहिती. नालुंगच्या आकाशात दोन सूर्य आहेत. एका गावात कधीच रात्र होत नाही. पाऊस लोखंडाचा पडतो, म्हणून झाडेही लोखंडाची. नदी समुद्रातून निघून डोंगरावर जाते. समुद्राचा तळ काळा आहे, आणि समुद्र आटला की त्याचा काळा दगड होतो.

आता इथे माझी थोडी बाजू सांगते. आठवीत असताना शाळेच्या ग्रंथालयातून जयंत नारळीकरांचे 'यक्षांची देणगी' घरी नेले होते, आणि त्यानंतर त्यांची हाताला लागतील ती पुस्तके वाचली. त्यांची एक गोष्ट आमच्या बाई नेहमी सांगत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून बनवलेले हे नाव. परीक्षकांनी शास्त्रज्ञाचे नाव पाहून नव्हे तर कथा पाहून निकाल द्यावा, एवढ्यासाठी. आणि पहिले बक्षीस त्या जगतापांनाच मिळाले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते आठवीतले पुस्तक आले होते. त्यांच्या कथा वाचून माझ्या मनाने एक नियम घेतला होता: कल्पना कितीही लांब जावो, विज्ञानाचा हिशोब जुळला पाहिजे.

त्यात मी कॉमर्सची. द्विनोंदी पद्धत अंगात मुरलेली. जितकी नावे तितकी जमा. ग्रहाचेही तसेच असणार. नदी दाखवलीस तर तिचे पाणी कुठून आले ते दाखव. दिवस दाखवलास तर रात्रीची नोंद कुठे आहे ते सांग.

तर मी त्या दुपारी छोटूच्या ग्रहाचे लेखापरीक्षण केले. लाल पेन घेतले आणि एकेका ओळीपुढे फुली मारत गेले. दोन सूर्य असते तर ग्रह एका जागी टिकलाच नसता. फुली. रात्र होत नाही असे गाव असूच शकत नाही, ग्रह फिरतो. फुली. लोखंडाचा पाऊस, फुली. लोखंडाची झाडे, दोन फुल्या. समुद्राचा तळ वाळूचा असतो, काळा नाही. फुली. आणि चढावर जाणारी नदी मला इतकी खटकली की मी खोडरबर घेऊन ती नकाशावरून पुसूनच टाकली. पेन्सिलची होती, सहज पुसली गेली. कागदावर फक्त एक मळकट पट्टा उरला.

छोटू शेजारी बसून बघत होता. शेवटी "ठीक आहे, ताई" एवढेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वही रद्दीच्या गठ्ठ्यात दिसली. मामी खूश झाली. तिने त्या दिवशी माझ्या आवडीची वांग्याची भाजी केली. पण छोटू माझ्याशी बोलेना. रुसलेले मूल रडते, आदळआपट करते, त्याची समजूत काढता येते. हा तसे काही करत नव्हता. विचारले तर उत्तर द्यायचा, "होय, ताई", "नाही, ताई". नकला बंद झाल्या होत्या. मला वांग्याची भाजी गोड लागेना.

त्या संध्याकाळी तो दिसला नाही म्हणून त्याला शोधत मागच्या आळीत त्याच्या मित्राच्या घरी गेले. मित्राचे कुटुंब बैहरकडचे, गोंड. अंगणात तेंदूपानांचा ढीग होता. मे महिना म्हणजे तिकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. पन्नास-पन्नास पानांचे पुडे बांधायचे आणि मोजून द्यायचे. माझ्यासारख्या निपाणीच्या मुलीने ती पाने ओळखली नसती तरच नवल. आमच्याकडे तंबाखू पिकते आणि घरोघरी बायका विड्या वळतात, पण ज्यात वळतात ते पान कुठल्या अंगणातून येते हे मी कधी विचारले नव्हते.

मित्राची आजी पुडे एका बाजूला ठेवत मोजत होती. आधी माझे लक्ष नव्हते. मग तिने म्हटले, "मुंड... नालुंग... सैयुंग..."

मी थबकले. मूरु, नाल्कु, ऐदु! आमच्या निपाणीच्या बाजारात भाजीवाली ज्या आकड्यांत जुडी मोजून देते, त्यांचीच ही बहिणीसारखी दिसणारी नावे. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा, कानडीच्या नात्यातली, हे पुढे मामाकडून कळले. त्या क्षणी मात्र माझ्या तोंडून मोठ्याने गेले, "नालुंग म्हणजे नाल्कु! चार!"

छोटूने मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने आपण होऊन मला प्रश्न विचारला. "तू काय म्हणालीस?"

"नाल्कु. कानडीत चार."

"मग तुला आधीच माहीत होतं, नालुंग म्हणजे चार नंबरचा ग्रह?"

माहीत नव्हते. वहीवर 'ग्रह नंबर ४' लिहिले होते, आत 'नालुंग' लिहिले होते, आणि दोन्हींचा संबंध काय, हे विचारण्याची मला गरजच वाटली नव्हती. ज्या वहीचे नावही मी समजून घेतले नाही, तिच्यात मी सहा फुल्या मारल्या होत्या. आजीबाईंनी मला दहापर्यंत गोंडी आकडे म्हणून दाखवले, मी त्यांना कानडी म्हणून दाखवले. त्या खूप हसल्या. घरी परतताना छोटू माझ्या बरोबर चालत होता, आणि मधेच म्हणाला, "नदी वरून जाते ना, ताई. दिसत नाही. डोंगरावर जाऊन पडते, तेव्हा दिसते."

ती नदी म्हणजे ढग! समुद्राचे पाणी वाऱ्यावर चढून डोंगरापर्यंत जाते, यात चूक ती कोणती? मी शाळेत जलचक्राची आकृती काढून पाच गुण मिळवले होते. त्याने तीच गोष्ट एका निळ्या रेघेने दाखवली होती, आणि मी ती पुसली होती.

रात्री जेवण झाल्यावर मी रद्दीतून वही काढली आणि मामासमोर ठेवली. सगळे सांगितले. मामा हसला नाही. त्याने कपाटावरून एक दगड काढून माझ्या हातात दिला. दिसायला मुठीएवढा, पण हात खाली जाईल इतका जड. काळा, आणि दिव्याखाली फिरवला की पोलादासारखी चमक.

"हे मँगनीज. हा दगड झाला कुठे, माहीत आहे? समुद्राच्या तळाशी."

मग त्याने जे सांगितले ते मी नंतर पुन्हा वाचून पक्के केले. बालाघाटपासून छिंदवाड्याच्या सौसरपर्यंत आणि इकडे भंडारा-नागपूरपर्यंत हा मँगनीजचा पट्टा पसरला आहे. शंभर कोटी वर्षांच्या आसपास, किंवा त्याच्याही आधी, इथे समुद्र होता. ज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो त्यात मँगनीज विरघळलेले राहते, दिसत नाही. तेच पाणी प्राणवायू असलेल्या पाण्याला मिळाले की मँगनीज काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. असा थरावर थर बसला. मग जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने आणि दाबाने तो भाजला, दुमडला, उभा झाला, आणि त्याचा हा दगड झाला. पुढे इंग्रजांच्या काळात, १८९६ पासून, मध्य प्रांतातले हे मँगनीज शोधणाऱ्या कंपन्या इथे आल्या. या पट्ट्यात मँगनीज असलेला एक खडक सापडतो, त्याला फर्मोर नावाच्या भूवैज्ञानिकाने इथल्या गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले. जगभरच्या पुस्तकांत ते आजही तसेच छापतात.

"त्या वेळची पृथ्वी तू पाहिली असतीस तर ओळखली नसतीस," मामा म्हणाला. "जमिनीवर गवताचं पातं नाही, मुंगी नाही. नुसता उघडा खडक. चंद्र आजच्यापेक्षा जवळ, आणि दिवस चोवीस तासांचा नव्हे, त्याहून लहान."

मी गप्प राहिले. जमिनीवर झाडेझुडपे आली ती सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या कितीतरी आधीचा, काळ्या तळाचा समुद्र छोटूने काढला होता. त्याला यातले काही माहीत नव्हते. त्याने फक्त बापाच्या बुटांवरची धूळ पाहिली होती, टेबलावरचा दगड पाहिला होता, आणि याचा समुद्र कसा असेल याचा विचार केला होता. परका ग्रह शोधायला तो कुठेही गेला नव्हता. तो घराच्या पायाखालीच होता.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी वही पुन्हा तपासली. या खेपेस मी आधी वाचत होते आणि मग बोलत होते. दोन सूर्यांभोवती फिरणारा ग्रह २०११ मध्येच सापडला आहे, केप्लर-१६ या जोडताऱ्यांभोवती. रात्र न होणाऱ्या गावाचेही तसेच. आपल्या सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, अंतर सव्वाचार प्रकाशवर्षे. त्याच्याभोवतीचा एक ग्रह २०१६ मध्ये सापडला. तो साधारण अकरा दिवसांत एक फेरी पुरी करतो, म्हणजे ताऱ्याच्या इतका जवळ आहे की त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहत असावी, जशी चंद्राची आपल्याकडे असते. तिथे गाव असते तर त्याला रात्र नसती. लोखंडाच्या पावसाला मी सर्वांत जास्त हसले होते. वास्प-७६ या ताऱ्याजवळ एक इतका तापलेला ग्रह आहे की त्याच्या दिवसाच्या बाजूला लोखंडाची वाफ होते आणि ती रात्रीच्या बाजूला पावसासारखी पडत असावी, असे २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी मांडले.

माझा हिशोबाचा आग्रह मात्र अगदीच वाया गेला नाही. मी छोटूला विचारले, "या गावाला कायम दिवस. मग मागच्या बाजूच्या गावाचे काय?" तो बराच वेळ विचार करत बसला. त्याने पूर्वी त्या बाजूचा नकाशाच काढला नव्हता. संध्याकाळी त्याने तो काढला. सगळे पान काळ्या खडूने रंगवले, मध्ये एक घर ठेवले, आणि खाली लिहिले की इथल्या माणसांना सूर्य म्हणजे काय ते ऐकून माहीत आहे. एका बाजूला जमा झालेला दिवस दुसऱ्या बाजूच्या नावे पडला. मला वाटते, माझ्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात द्विनोंदी पद्धत कुणी इतकी चांगली समजावली नव्हती.

आमच्या हिशोबाच्या शास्त्रात एक साधा दंडक आहे. कीर्दीत चूक झाली तर पान फाडायचे नाही, आकडा खरवडायचा नाही. चुकलेली नोंद तशीच वाचता आली पाहिजे, आणि तिच्या पुढे दुरुस्तीची नोंद करायची. हे मी पहिल्या वर्षी पाठ करून लिहिले होते, आणि त्या दुपारी खोडरबर घेऊन बसले होते.

विज्ञानही याच दंडकाने चालते, हे त्या गोंडांच्याच मुलखाच्या नावाने मला पटवले. ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक एदुआर्द स्युस यांनी १८८५ साली एका प्राचीन खंडाची कल्पना मांडली आणि त्याला गोंडवनाचे नाव दिले. आज दूरदूर असलेल्या देशांत एकाच झाडाच्या पानांचे जीवाश्म सापडत होते, म्हणून हे देश कधी काळी जोडलेले असले पाहिजेत. तो खंड कुणी पाहिला नव्हता. स्युस यांना वाटले, मधली जमीन समुद्रात बुडाली असेल. ते चुकले. १९१२ मध्ये वेगेनर म्हणाले, जमीन बुडाली नाही, खंड सरकले. त्यांनाही पुढची कित्येक वर्षे लोक हसत होते. पण स्युस यांचा नकाशा कुणी पुसला नाही. त्याच्यापुढे दुरुस्तीची नोंद झाली, आणि नाव राहिले: गोंडवन. चुकीच्या कागदावरच बरोबर उत्तर लिहिले गेले. कागद फाडला असता तर ते कशावर लिहिले असते?

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पेन्सिल घेऊन त्या मळकट पट्ट्यावर नदी पुन्हा काढून दिली. शेजारी तारीख घालून लिहिले: 'ताईची चूक. नदी वरून जाते.' छोटूने ते दोनदा वाचले आणि मामीलाही वाचून दाखवले. मामी म्हणाली, "आता अभ्यास कोण करणार?" तेव्हा मी तिला कबूल केले की जाण्याआधी याच वहीतून त्याला अक्षांश-रेखांश आणि मोसमी वारे शिकवीन. शिकवलेही. नालुंगवर पाऊस कुठे पडेल हे ठरवायचे असल्याने त्याने ते धडे स्वतःहून मागून घेतले.

आणि त्याला एक बातमी सांगितली. २०१९ साली जगातल्या देशांना एकेका ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नाव ठेवण्याची संधी मिळाली होती. भारताने ताऱ्याला 'बिभा' हे नाव दिले, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या आठवणीसाठी, आणि ग्रहाला 'संतमस', म्हणजे ढगांनी झाकलेला. संतमस हे नाव सुचवणारा पुण्याचा एक शाळकरी मुलगा होता. २०२५ पर्यंत सापडलेल्या ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे. "म्हणजे नावं कमी पडतील," छोटू म्हणाला. मी म्हटले, "पडू देत की. तुझ्याकडे एक आहे."

एका बाबतीत मात्र मी हार मानलेली नाही. लोखंडाची झाडे. झाड वाढते, पाणी वर ओढते, पान टाकते. लोखंडाच्या झाडाने हे कसे करायचे? छोटूकडे उत्तर नव्हते, आणि तो झाडे काढून टाकायलाही तयार नव्हता. शेवटी आम्ही ती बाब उचंत खात्यात टाकली. ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती पत्ता लागेपर्यंत जिथे ठेवतात, ते खाते. बाकी पुढे ओढायची, एवढेच.

परवा मामीने मोबाईलवर वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. झाडे आणखी दाट झाली आहेत. त्यांच्या खाली छोटूच्या अक्षरात एक ओळ आहे: 'ताईला अजून पटत नाही.'

खरेच, अजून पटत नाही. पण त्या ओळीपुढे बरीच जागा कोरी सोडलेली आहे.